आधी उधारी, मग विवरणपत्र

हिंगणघाटच्या बाजारात कापसाची एक गाडी काट्यावर चढली की लोकांच्या नजरेत एक सौदा होतो, पण वहीत पाच-सहा नोंदी होतात. वजन लागते, ओलावा पाहून भाव ठरतो, हमाली-तोलाई आणि बाजार फी वेगवेगळ्या खात्यांत जातात, पेरणीच्या वेळी दिलेली उचल चुकाऱ्यातून वळती होते. खरेदीदार जिनिंगवाला जीएसटीत नोंदणीकृत असेल, तर 15 नोव्हेंबर 2017 पासून त्याच्यामागे आणखी एक काम लागले आहे. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा पाच टक्के कर घेणाऱ्यानेच भरायचा असतो. शेतकरी करबिल देत नाही, म्हणून ते बिल खरेदीदाराने स्वतः तयार करायचे, कर जमा क्रेडिटमधून न वळवता रोख भरायचा आणि मग त्याच कराचे क्रेडिट मागायचे. लाखभराच्या कापसामागे पाच हजार रुपये असे एका हाताने जातात आणि दुसऱ्या हाताने, थोड्या उशिराने, परत येतात. पुढे माल जिनमध्ये गेला की क्विंटलभर कापसाची साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकीची सरकी होते आणि थोडी घट जाते. खरेदी एका मालाची, विक्री दोन मालांची, आणि घटीला कोणी गिऱ्हाईक नाही. बाजारात मिळणारी अनेक स्वस्त बिलिंग सॉफ्टवेअर या शेवटच्या पायरीवर अडतात, कारण जो माल आला तोच विकला जातो एवढेच त्यांना माहीत असते.

ज्या वर्धा जिल्ह्यात असा गुंतागुंतीचा व्यवहार रोज होतो, तिथे हिशेबाचे सॉफ्टवेअर निवडताना या व्यवहाराचा विचार जवळजवळ होतच नाही. निवड दोन पद्धतींनी होते. एक तर करसल्लागार जे वापरतात ते घेतले जाते, म्हणजे महिन्याच्या शेवटी पेनड्राइव्ह त्यांच्याकडे पाठवला की काम झाले. नाही तर शेजारच्या दुकानात जे आहे तेच आपल्याकडे येते. दोन्ही वेळा मनातला प्रश्न एकच असतो, जीएसटीचे विवरणपत्र त्यातून नीट निघते का? माझे म्हणणे असे की छोट्या धंद्याने हा प्रश्न शेवटी विचारावा. आज संध्याकाळी गल्ला बंद करताना कुणाकडे किती येणे आहे, ते किती दिवसांचे आहे आणि गोदामात काय पडून आहे, हे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी, कुणाला न विचारता वाचता येईल का, हा पहिला प्रश्न हवा. त्याचे उत्तर ज्या सॉफ्टवेअरमध्ये मिळते त्यातून विवरणपत्र काढणे अवघड नसते. उलट दिशेने मात्र तसे होत नाही.

कायद्याची भीती खरी आहे, पण ती आहे त्यापेक्षा मोठी करून दाखवली जाते. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल 40 लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीच लागत नाही. सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा 20 लाख आहे. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला कंपोझिशनचा मार्ग खुला आहे, त्यात उलाढालीवर एक टक्का भरायचा, दर तिमाहीला एक विवरण आणि वर्षाला एक विवरणपत्र द्यायचे. त्याने ग्राहकाकडून कर वेगळा घ्यायचाच नाही, त्यामुळे त्याचे बिलही साधे. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याला विवरणपत्रे तिमाही भरता येतात. ई-इनव्हॉइसची सक्ती 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना लागू आहे, त्याखालच्यांना नाही. प्राप्तिकरातही दोन कोटींपर्यंतच्या, आणि रोखीचा वाटा पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर तीन कोटींपर्यंतच्या धंद्याला अंदाजे नफा दाखवण्याची सोय आहे: रोख जमेवर आठ टक्के, बँकेतून आलेल्या जमेवर सहा टक्के. सेलूतला किराणा दुकानदार, कारंजातला हार्डवेअरवाला किंवा आर्वीतला कापड दुकानदार या आकड्यांत स्वतःला बसवून पाहील, तर जाहिरातपत्रकावरची निम्मी वैशिष्ट्ये आपल्यासाठी नाहीतच हे त्याला कळेल. तरी त्यांचे पैसे तो मोजतो.

छोटा धंदा विवरणपत्राच्या दंडाने क्वचित बुडतो. तो बुडतो उधारीने. आपल्याकडे हे विशेष खरे आहे, कारण इथल्या बाजाराचे चक्र पिकाला बांधलेले आहे. कृषी सेवा केंद्राचा माल जूनमध्ये जातो आणि पैसा कापूस घरात आल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, कधी संक्रांतीनंतर येतो. सहा-सात महिने दुकानदाराचे भांडवल गावोगावच्या नावांवर पसरलेले असते आणि कंपनीचा तगादा मात्र महिन्या-दोन महिन्यांत सुरू होतो. या दुकानदाराला येणे बाकीची नुसती बेरीज पुरत नाही. जूनची बाकी वेगळी, ऑगस्टमधल्या फवारणीची वेगळी, गेल्या हंगामाची राहिलेली वेगळी अशी वयानुसार यादी हवी, आणि तीही गाववार, कारण वसुलीला माणूस गावाला जातो, खात्याला नाही. शिवाय कीटकनाशकाचा बॅच क्रमांक आणि मुदत, बियाण्याचा लॉट, आणि खतासाठी पॉस यंत्रावरचा वेगळा साठा. तो साठा आणि दुकानाच्या संगणकातला साठा जुळला नाही तर तपासणीत उत्तर द्यावे लागते. हे सारे विवरणपत्राच्या नमुन्यात कुठेच नाही. म्हणून विवरणपत्रावर नजर ठेवून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये या नोंदी भरल्या जात नाहीत, आणि दुकानदार शेवटी उधारीसाठी लाल वही वेगळी ठेवतो. दोन जागी हिशेब ठेवणाऱ्याचा एकही हिशेब पूर्ण नसतो.

हिशेब कुणासाठी ठेवायचा, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून सुरू झाले, तेव्हा ते चालवायला आलेले जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस होते. मुंबईत त्यांनी या व्यवसायात काम केले होते, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत झालेल्या बिहारच्या भूकंपानंतर मदतनिधीच्या जमाखर्चाची जबाबदारी त्यांच्यावर होती. तेलघाणी, हातकागद, मधमाशी हे उद्योग ज्या माणसाने इथे रुजवले तो मुळात आकड्यांचा माणूस होता, ही गोष्ट आपण विसरतो. घाणीवाल्याला तेल किती निघाले, ढेप किती उरली आणि बैलाच्या चाऱ्याला किती गेले हे कळल्याशिवाय त्याचा धंदा टिकतो की नाही हे सांगता येत नाही, एवढा साधा विचार त्यामागे आहे. सरकारला दाखवण्याचा हिशेब त्यातून निघतोच, पण तो हिशेबाचा हेतू नव्हे. गंमत अशी की आज देशातल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेले ‘टॅली’ हे सॉफ्टवेअरही याच वाटेने जन्माला आले. श्यामसुंदर गोयंका या गिरण्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या व्यावसायिकाला आपला धंदा सांभाळणारे हवे तसे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून गणित शिकलेला मुलगा भरत याने ते लिहिले. साल 1986. तेव्हा जीएसटी नव्हता, महाराष्ट्रात व्हॅट यायलाही 19 वर्षे होती. एका मालकाला स्वतःचा धंदा वाचायचा होता.

यावर पहिला आक्षेप करसल्लागारांचा येईल, आणि तो हलका नाही. व्यापारी ज्यांना विक्रीकराच्या काळापासून ‘वकीलसाहेब’ म्हणत आले, ते एकाच वेळी पन्नास-शंभर दुकानांची कामे सांभाळतात. प्रत्येकाने वेगळे सॉफ्टवेअर घेतले तर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला त्यांच्या कार्यालयात गोंधळ होईल, चुका वाढतील आणि त्या चुकांचे व्याज व्यापाऱ्यालाच भरावे लागेल. यातच दुसरा, माझ्या मते अधिक वजनाचा मुद्दा आहे. वर्धा, पुलगाव किंवा हिंगणघाटमध्ये बी.कॉम. झालेली मुलगी किंवा मुलगा कामावर ठेवायचा असेल तर त्याला टॅली येत असते, कारण क्लासमध्ये तेच शिकवतात. दुसरे कितीही चांगले सॉफ्टवेअर घेतले तरी ते चालवणारा माणूस सोडून गेला की दुकान अडते. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ज्या धंद्यात पगारी माणूस नोंदी करतो, तिथे तालुक्यात सहज माणूस मिळेल असेच सॉफ्टवेअर घ्यावे, यात कमीपणा नाही. पण त्याच सॉफ्टवेअरमध्ये उधारीचे वय, बॅच आणि मुदत, कापसातून रुई-सरकी होण्याची नोंद या सोयी असूनही बहुतेक ठिकाणी त्या बंद पडलेल्या असतात. कारण बसवून देणाऱ्याला फक्त ‘जीएसटी चालू करून द्या’ एवढेच सांगितलेले असते. सल्लागाराची सोय म्हणून सॉफ्टवेअर निवडायला हरकत नाही. ते मांडायचे कसे हे मालकाने सांगितले पाहिजे. सल्लागाराला लागणारा डेटा आज जवळपास कुठल्याही सॉफ्टवेअरमधून एक्सेलमध्ये काढून देता येतो, तेव्हा ‘माझ्याकडे चालते तेच हवे’ हा आग्रह पूर्वीइतका सबळ राहिलेला नाही.

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूने येतो. मोबाइलवर ‘खाताबुक’, ‘व्यापार’, ‘मायबिलबुक’ यांसारखी अॅप फुकट किंवा थोड्या पैशांत मिळत असताना एवढा विचार कशाला? चहाची टपरी, भाजीचे दुकान, शिलाईकाम, 40 लाखांच्या बरेच आत असलेला किराणा, यांच्यासाठी अशी अॅप चांगलीच आहेत. उधारीचा संदेश ग्राहकाच्या मोबाइलवर आपोआप जातो, ही वसुलीतली मोठी मदत आहे. तोंडाने मागायचा संकोच आपल्याकडे दुकानदारालाच जास्त असतो. पण फुकट वस्तूची किंमत पुढे कधीतरी द्यावी लागते, आणि ती किंमत डेटात असते. नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायची असा जीएसटी कायदा आहे. सहा वर्षांत अॅप बंद पडले, त्याने शुल्क चौपट केले किंवा मोबाइल हरवला, तर जबाबदारी दुकानदाराची. म्हणून घेण्याआधीच विचारावे, माझी सगळी खाती, सगळी बिले आणि साठा मला एकाच वेळी फाइलमध्ये बाहेर काढता येतो का? ज्याच्याकडे याचे सरळ उत्तर नाही, त्याच्याकडे आपला धंदा ठेवू नये. हीच कसोटी इंटरनेटवर चालणाऱ्या मोठ्या सॉफ्टवेअरलाही लावावी. आणि दुकानातल्याच संगणकावर ठेवणाऱ्याने दुसरी प्रत रोज दुकानाबाहेर जाते की नाही ते पाहावे. पावसाळ्यातल्या विजेच्या लपंडावात हार्डडिस्क जाणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

तिसरा आक्षेप उघड कोणी बोलत नाही, पण निवड बऱ्याचदा तोच ठरवतो. कच्चे बिल, पक्के बिल हा खेळ ज्याला खेळायचा आहे त्याला असे सॉफ्टवेअर हवे असते ज्यात संध्याकाळी काही बिले पुसून टाकता येतील आणि मागे काही खूण राहणार नाही. विकणारेही ही सोय हळूच सुचवतात. कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक बदलाची नोंद राहील असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते. एकट्या मालकाच्या दुकानाला तो नियम नाही, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. जीएसटीच्या नियमावलीतल्या नियम 56 नुसार नोंदणीकृत कुणालाही हिशेबातली नोंद खोडता किंवा पुसता येत नाही, आणि हिशेब संगणकावर असेल तर बदललेल्या व काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा मागोवा ठेवावा लागतो. पण कायदा बाजूला ठेवूनही पाहा. जे बिल मालकाला पुसता येते ते गल्ल्यावरच्या नोकरालाही पुसता येते, आणि संध्याकाळच्या रोकडीतून तेवढी रक्कम निघून गेल्याचे मालकाला कधीच कळत नाही. जुन्या वह्यांना पानावर क्रमांक घालून, दोऱ्याने शिवून ठेवायची रीत होती. ती सरकारने लावलेली नव्हती, ती पेढीच्या मालकांनी स्वतःच्या रक्षणासाठी लावली होती.

सॉफ्टवेअरची खरी परीक्षा मात्र 22 सप्टेंबर 2025 ला झाली. जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे त्या दिवशी जवळपास संपले. टूथपेस्ट, साबण, केसांचे तेल, बिस्किटे 18 वरून पाचवर आली, तूप-लोणी 12 वरून पाचवर, ठिबकचा संच आणि ट्रॅक्टर 12 वरून पाचवर, सिमेंट 28 वरून 18 वर. मध्यम किराणा दुकानातही एका रात्रीत शेकडो वस्तूंचे दर बदलायचे होते. ज्यांच्याकडे वस्तू गटवार मांडलेल्या होत्या आणि दर तारखेसकट नोंदवता येत होता, त्यांनी गटाचा दर बदलला की काम संपत होते, आणि 21 तारखेपर्यंतची बिले जशीच्या तशी राहत होती. ज्यांच्याकडे प्रत्येक वस्तू सुटी होती किंवा दर बदलला की जुनी बिलेही बदलत होती, त्यांच्यासाठी तो आठवडा वाईट होता. सर्वांत किचकट प्रश्न परत आलेल्या मालाचा होता. 20 सप्टेंबरला 18 टक्क्यांनी विकलेला माल 25 ला परत आला तर क्रेडिट नोट 18 टक्क्यांचीच व्हायला हवी, आणि पाचच्या दराने ती काढणारे सॉफ्टवेअर मालकाचे 13 टक्के बुडवते. चोरीची, म्हणजे ‘क्रॅक’ केलेली प्रत वापरणाऱ्यांना अशा वेळी विचारायला कुणी नसते. एकदाच पैसे देऊन कायमचे घ्यावे की दरवर्षी शुल्क भरावे, हा वाद चालू असतो, त्याचे उत्तर या तारखेत आहे. आपल्याकडचा कर स्थिर राहत नाही, त्यामुळे दरवर्षीच्या अद्ययावतीकरणाचा खर्च हा वीजबिलासारखा चालू खर्च धरूनच निवड करावी.

काही धंद्यांना सॉफ्टवेअर लागतच नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे, कारण ते कोणी विक्रेता म्हणणार नाही. दहा महिलांचा बचत गट, जो समुद्रपूर भागात हळद दळून विकतो, त्याची कीर्द आणि खतावणी एका शंभर पानी वहीत उत्तम राहते, आणि ती बैठकीत सगळ्यांसमोर वाचता येते. मोबाइलवरचा हिशेब एकीच्या हातात जातो, वहीतला हिशेब दहाजणींचा राहतो. गटाचा माल शहरातल्या मोठ्या दुकानांत जायला लागला, बॅच आणि मुदत सांभाळावी लागली, किंवा नोंदणी घ्यावी लागली, की मग संगणक. त्याआधी घेतलेले सॉफ्टवेअर बहुधा कपाटात धूळ खाते. खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी ‘ईआरपीनेक्स्ट’सारखी मुक्त, मोफत सॉफ्टवेअरही आहेत. मुंबईतल्या कंपनीने तयार केलेले हे सॉफ्टवेअर रुई-सरकीसारखी उत्पादनाची नोंदही समजते. पण ते बसवून, सांभाळून देणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाचा खर्च धरल्याशिवाय त्याला मोफत म्हणणे चुकीचे.

तेव्हा निवडताना विक्रेत्याच्या लॅपटॉपवरचा तयार नमुना पाहू नका. त्यात ‘एबीसी ट्रेडर्स’ हे ग्राहक असते आणि सगळे पैसे वेळेवर येतात. त्याला तुमच्या गल्ल्यावर बोलवा आणि गेल्या आठवड्यातले खरे दहा व्यवहार त्याच्याकडून तुमच्यासमोर भरून घ्या: उचल वळती केलेली काटापट्टी, अर्धी उधारी फेडलेला ग्राहक, परत आलेला माल, नोकराला दिलेली आगाऊ रक्कम, मुदत संपलेल्या औषधाची बाटली. मग त्याला बाजूला बसवून येणे बाकीची यादी स्वतःच्या हाताने काढून पाहा. जमली नाही तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका, ते कितीही नावाजलेले असो. जमली, तर नव्या हिशेबाची सुरुवात 1 एप्रिललाच करा, आणि त्याआधी मार्चमध्ये प्रत्येक उधारीदाराला त्याची बाकी दाखवून वहीत सही घ्या. संगणकात टाकायची पहिली रक्कम तीच असते, आणि ती चुकली तर पुढची सहा वर्षे चुकीचाच आकडा दिसत राहतो.